वर्ज्य विद्येचा प्रश्न

ज्या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक जगातील एखादे पात्र धारण करतो, त्या पात्राच्या तोंडाने बोलतो, त्याच्या बुद्धीने निर्णय घेतो आणि त्याच्या वतीने फासे टाकतो, तो रोल-प्लेइंग गेम नावाचा खेळ आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नसून, वर्धेच्या काठी, कागदाची गिरणी आणि कोळशाच्या खाणी यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या आमच्या बल्लारपूरच्या मुलांपर्यंतही, कधी संगणकाच्या पडद्यावरून तर कधी चार मित्रांच्या बैठकीतून, येऊन पोहोचला आहे. या खेळात ज्याने मांत्रिकाचे पात्र पत्करले, त्याच्यापुढे आरंभीच असा प्रश्न उभा राहतो की, अनेक विद्या उपलब्ध असता आपल्या पात्राने कोणत्या एका विद्येत पारंगत व्हावे. हा प्रश्न वृत्तपत्राच्या स्तंभात चर्चिण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात येईल; पण मुले ज्या प्रश्नावर रात्ररात्र जागून वाद घालतात, तो प्रश्न प्रौढांनी क्षुल्लक मानावा हे मला प्रशस्त वाटत नाही, आणि या विशिष्ट प्रश्नाच्या पोटात शक्ती, मर्यादा व परस्परावलंबन यांचा जो विचार दडला आहे, तो तर आमच्या या अरण्यप्रदेशाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. माझे मत थोडक्यात असे की, कोणती विद्या घ्यावी याचा खल करण्यापूर्वी आपले पात्र कोणत्या विद्येला कधीही हात लावणार नाही, हे खेळाडूने ठरवावे.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की वडशाहून निघणाऱ्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात, त्या झाडीपट्टी रंगभूमीच्या मुलखातील माणसाला भूमिका घेणे म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही; त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की या खेळात संहिता आधी लिहिलेली नसते, सूत्रधार प्रसंग सांगतो, पात्रे आपापला मार्ग निवडतात, आणि यश की अपयश याचा निवाडा वीस बाजूंच्या फाशाकडे सोपवलेला असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने या प्रकारातील पहिला खेळ प्रसिद्ध केला, आणि पुढे संगणकावर जे असंख्य खेळ निर्माण झाले त्यांतील बहुतेकांनी आपली परिभाषा याच मूळ खेळाकडून उसनी घेतली.

या मूळ खेळात मांत्रिकाच्या विद्येचे आठ विभाग मानले जातात. संकटाचे निवारण करणारी रक्षणविद्या, दूरस्थ प्राण्यांना व वस्तूंना बोलावून आणणारी आवाहनविद्या, अज्ञात व भावी गोष्टींचा वेध घेणारी दर्शनविद्या, दुसऱ्याचे मन अंकित करणारे वशीकरण, अग्नी आणि विद्युत् यांचा मारा करणारी तेजोविद्या, नसलेले भासवणारी माया, प्राण आणि प्रेत यांच्यावर अंमल चालवणारी मृत्युविद्या आणि एका वस्तूचे दुसऱ्या वस्तूत परिवर्तन करणारी रूपांतरविद्या, असे ते आठ विभाग होत. यांपैकी मायेचा तज्ज्ञ १९७५ सालीच खेळात अवतरला होता; मात्र सर्व विभागांना लागू पडणारी विशेषज्ञतेची व्यवस्था १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्णत्वास गेली, आणि त्या व्यवस्थेत एक अत्यंत शहाणपणाची शर्त होती. जो मांत्रिक एका विद्येचा विशेषज्ञ होईल, त्याला त्या विद्येचा एक अधिक मंत्र प्रत्येक पायरीवर मिळेल, परंतु तिच्या विरुद्ध मानलेल्या विद्या त्याला आजन्म बंद होतील. मायेच्या उपासकाला मृत्युविद्या, तेजोविद्या आणि रक्षणविद्या या तिन्हींवर पाणी सोडावे लागे. पुढे २००३ च्या सुधारित नियमांत दोन विद्या सोडण्याची शर्त राहिली आणि दर्शनविद्येच्या साधकाला एकच विद्या सोडण्याची सवलत मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मात्र ही शर्त पार काढून टाकली. विशेषज्ञ कोणत्याही विद्येचा असो, त्याला आठही विभागांचे मंत्र शिकण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात तर मांत्रिकासाठी विशेषज्ञतेचे चारच पर्याय राहिले: रक्षण, दर्शन, तेज आणि माया.

नियम सैल झाले म्हणजे खेळाडूला स्वातंत्र्य मिळाले, असे समर्थन यावर केले जाते आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नवख्या खेळाडूने पहिल्याच बैठकीत अज्ञानाने केलेल्या निवडीचा दंड वर्षभर भोगावा, हे कोणालाही रुचणार नाही. पण या स्वातंत्र्याचा परिणाम काय झाला, तेही पाहिले पाहिजे. मुले आता विद्या निवडताना तिच्यातून होणाऱ्या हानीचे आकडे मोजतात, संगणकावरील खेळांच्या चित्रफिती पाहून पात्राची कोणती घडण, त्यांच्या भाषेत ‘बिल्ड’, सर्वांत प्रबळ याची गणिते मांडतात, आणि शेवटी चौघांपैकी तिघे अग्निवर्षाव करणारे मांत्रिक घेऊन बसतात. २०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या लोकप्रिय खेळात तर एकच पात्र त्या खेळातील पाचही विद्यांत निष्णात होऊन शिवाय योद्धा आणि चोरही होऊ शकते. एकट्याने खेळावयाच्या खेळात ते क्षम्य आहे, कारण तेथे सोबतीला दुसरा माणूसच नसतो, पण तीच वृत्ती चार मित्रांच्या बैठकीत आली म्हणजे प्रत्येकाला सर्व काही येते आणि कोणालाच कोणाची गरज उरत नाही. ज्याला काहीही वर्ज्य नाही अशा पात्राला चारित्र्य कोठून येणार?

या वादात माझा मुख्य साक्षीदार परदेशातला नाही. तो आमच्याच विदर्भातला, किंबहुना आमच्याच नदीकाठचा आहे. जी वर्धा बल्लाळशाहांच्या किल्ल्याच्या तटाला लागून वाहते, तिच्याच काठी, वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर आहे, आणि तेच दमयंतीच्या पित्याचे कुंडिनपूर, असे परंपरा मानते. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान मराठी वाचकाला रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे परिचित आहे. पण स्वयंवर आणि हंस यांच्या पलीकडचा त्याचा जो उत्तरार्ध, त्यात विद्येच्या विशेषज्ञतेचा जितका सूक्ष्म विचार आहे, तितका मला कोणत्याही नियमपुस्तकात आढळला नाही.

द्यूतात राज्य गमावलेला, कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटलेला नल, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथ्य करीत असतो. अश्वांचे हृदय जाणणे ही त्याची विद्या. ऋतुपर्णाची विद्या निराळी. तो फाशांचे हृदय जाणतो आणि संख्येवर त्याचे असामान्य प्रभुत्व आहे. दमयंतीचे दुसरे स्वयंवर उद्याच आहे, अशी वार्ता येते, आणि शंभर योजनांचे अंतर एका दिवसात तोडून विदर्भाला पोहोचवील असा सारथी बाहुकावाचून दुसरा कोणी नाही, हे राजाला कळून चुकते. वाटेत बेहड्याचा एक वृक्ष लागतो आणि राजा, आपल्याही विद्येचा प्रत्यय द्यावा म्हणून, त्याची पाने आणि फळे धावत्या रथातून मोजून दाखवतो. दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत, असे तो सांगतो. बाहुकाला ते खरे वाटत नाही. तो रथ थांबवतो आणि झाड प्रत्यक्ष मोजल्याखेरीज पुढे जाणार नाही, असा हट्ट धरतो. राजाला उशीर होत असतो, तो विनवण्या करतो, पण सारथ्यावाचून तो असहाय असतो. त्याच्याजवळ राज्य आहे, गणित आहे, फाशांचे रहस्य आहे, फक्त घोडे हाकण्याची विद्या नाही आणि त्या क्षणी नेमके तेवढेच हवे आहे. मोजणी बरोबर निघते. मग दोघांमध्ये विनिमय ठरतो: ऋतुपर्णाने अक्षहृदय द्यावे, बाहुकाने अश्वहृदय. राजा आपली विद्या तत्काळ देतो आणि बाहुकाची विद्या तूर्त त्याच्याचपाशी ठेव म्हणून राहू देतो. अक्षहृदय प्राप्त होताच, नलाला द्यूतात बुडवणारा, त्याच्या देहात दडलेला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

या प्रसंगातील बारकावे पाहण्याजोगे आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकाराच्या सूक्तावरून दिसते की, प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. म्हणजे जो वृक्ष राजाने मोजला तो साक्षात फाशांचा वृक्ष होता. हा वृक्ष आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आजही विपुल आहे, हिरड्याबरोबर त्याचीही फळे लोक वेचतात, आणि खेळाला लागणाऱ्या फाशांचे मूळ आपल्या गावामागच्या रानात लोंबते आहे हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. दुसरे असे की, पाचव्या आवृत्तीत दर्शनविद्येच्या विशेषज्ञाला जे सामर्थ्य दिले आहे, त्यानुसार तो दीर्घ विश्रांतीनंतर दोन फासे आधीच टाकून त्यांचे आकडे जवळ ठेवतो आणि पुढे कोणाच्याही फाशाऐवजी त्यांतला एक आकडा लागू करू शकतो. फाशावरच चालणारी ही सत्ता ऋतुपर्णाच्या विद्येशी किती जवळची आहे, हे वाचकांना सांगावयास नको. सर्व विभागांत मला हाच विभाग अधिक बुद्धिमान वाटतो, कारण त्यात मारा करण्याचे सामर्थ्य थोडे आणि योग्य क्षण ओळखण्याची जबाबदारी फार. पण माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसरी. ऋतुपर्ण आणि नल या दोघांनाही दोन्ही विद्या आरंभापासून अवगत असत्या, तर रथ थांबला नसता, झाड मोजले गेले नसते, ऋणानुबंध जुळला नसता आणि कलीही बाहेर पडला नसता. सर्वांना सर्व काही येत नाही, हा विचार त्या आख्यानात स्पष्टपणे बोलून दाखवला आहे, आणि सारी कथा त्या उणिवेच्याच बळावर पुढे सरकते.

मृत्युविद्येच्या बाबतीत असाच दाखला कचाचा. खाडिलकरांच्या १९१३ च्या ‘विद्याहरण’ नाटकामुळे मराठी प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांना परिचित झालेली ती कथा संजीवनीची आहे. मेलेल्याला उठवणारी ही विद्या देवांपाशी नसून दैत्यांचे गुरू शुक्राचार्य यांच्यापाशी होती आणि ती मिळवण्यासाठी देवगुरूचा पुत्र शत्रूच्या घरी शिष्य होऊन राहिला, यावरून मृत्यूवरील सत्ता ही मूलतः अमंगळ आहे असे आपल्या परंपरेने मानले नाही, हे उघड होते. कच ती विद्या मिळवतो, परंतु शुक्राचार्यांची कन्या देवयानी हिच्या शापामुळे ती त्याला स्वतःला फळत नाही. तो जिला शिकवील त्या व्यक्तीला ती फळते. पात्राची जडणघडण करणाऱ्या कोणत्याही खेळाडूने यावर क्षणभर थांबावे. आपण जी विद्या आयुष्य वेचून मिळवली, तिचा उपयोग केवळ दुसऱ्यामार्फतच व्हावा, याहून सखोल असे विशेषज्ञतेचे बंधन कोणत्या लेखकाला सुचेल?

आता एका आक्षेपाकडे वळतो, कारण तो हेटाळणीचा नसून कळकळीचा आहे आणि तो मला आमच्याच गावातील एका सुजाण गृहस्थांनी ऐकवला. ज्या जिल्ह्यांत करणीच्या नुसत्या संशयावरून माणसे मारली जातात, तेथे कोवळ्या मुलांनी मांत्रिकाचे सोंग घ्यावे आणि मृत्युविद्येच्या गोष्टी कराव्यात, हे योग्य आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्नामागील दुःख खरे आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. त्यानंतरही ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली, आणि मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे त्याच संशयापायी दोघांना जिवंत जाळण्यात आले. या घटनांची नोंद घेतल्यावाचून या प्रदेशात जादू हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे मला मनापासून वाटते.

तथापि त्या गृहस्थांचा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि न मानण्याचे कारण माझ्या मूळ मुद्द्यातच आहे. ज्या जादूच्या संशयावरून एखाद्या म्हातारीला खांबाला बांधले जाते, त्या जादूला कोणताही नियम नसतो. ती किती अंतरावरून चालते, तिला काय साध्य होते, काय होत नाही, तिचा पुरावा कोणता, याविषयी कोणी काही विचारीत नाही. गावात ताप आला, बैल मेला, मूल दगावले, की सर्व अनिष्टांची जबाबदारी एका दुबळ्या जीवावर टाकली जाते, आणि जिच्या घरी दोन वेळचे धान्य नाही तिच्या ठायी अमर्याद सामर्थ्य असल्याचे मानले जाते. अमर्यादपणाची ही कल्पना सारा अनर्थ घडवते. उलट खेळातील मांत्रिकाचा सगळा अखत्यार एका कागदावर लिहिलेला असतो, आणि तो कागद सूत्रधाराला व सोबत्यांना केव्हाही पाहता येतो. त्याला कोणते मंत्र येतात, दिवसातून किती वेळा येतात, किती पावलांपर्यंत पोहोचतात आणि कोणते मुळीच येत नाहीत, हे तेथे उघड्यावर असते. ज्या मुलाला चौदाव्या वर्षी हे पक्के समजले की, खेळातल्या मांत्रिकालाही दाखल्यावाचून काही करता येत नाही, तो मुलगा तिसाव्या वर्षी चावडीवर उभा राहून, अमुक बाईने अमुक केले हे तुम्ही कशावरून म्हणता, असे विचारण्याची शक्यता मला अधिक दिसते. मात्र यासाठी खेळातील मर्यादा जिवंत असल्या पाहिजेत. सर्व विद्या सर्वांना खुल्या करणारे नियम हाच धडा पुसट करतात, म्हणून माझा आग्रह.

मग प्रत्यक्षात निवड कशी करावी? उदाहरणादाखल एक पात्र कल्पूया. बांबू तोडणाऱ्यांच्या वस्तीत वाढलेली, रूपांतरविद्येत गती असलेली एक तरुणी. बांबूचा कागद होतो हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे; ज्या कंपनीच्या गिरणीमुळे बल्लारपूरचे नाव देशभर गेले तिची स्थापना १९४५ ची, आणि वनस्पतीच्या धाग्यांचा लगदा होऊन त्यातून पांढरे तक्ते बाहेर पडणे, यापेक्षा रूपांतराचे अधिक ठळक शिक्षण दुसरे कोणते असेल? आता हिला वर्ज्य काय? फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवे भडकतात, हे या भागातील प्रत्येकाला ठाऊक आहे. अशाच वणव्यात हिची वस्ती जळाली, म्हणून तेजोविद्येला ती स्पर्श करणार नाही. आणि वस्तीला तुटपुंज्या मोलावर राबवून घेणारा मुकादम गोड बोलण्याने सर्वांची मने अंकित करीत असे, म्हणून वशीकरण तिला निषिद्ध. एवढे ठरले की पात्र उभे राहते. पुढे एखाद्या प्रसंगी शत्रूचे सैन्य दाराशी आले असता, आगीचा एक मंत्र सर्वांना वाचवू शकेल हे दिसत असताना, ही मुलगी काय करील, या प्रश्नावर टेबलाभोवतीचे चारही जण श्वास रोखतील. हानीच्या आकड्यांनी ते घडत नाही.

सोबतीच्या पात्रांचा विचारही याच वेळी करावा. ज्याने रक्षणविद्या घेतली त्याने दर्शन सोडावे आणि ज्याने दर्शन घेतले त्याने रक्षण सोडावे, म्हणजे पाहणारा आणि वाचवणारा एकमेकांना धरून राहतील. मृत्युविद्या घेणाऱ्या मुलाला कोणी परावृत्त करू नये. कचाची कथा त्याला सांगावी, आणि तो कोणाला उठवणार व कोणाला कदापि उठवणार नाही, हे त्याच्याकडून लिहवून घ्यावे. केवळ तेजोविद्येच्या मागे धावणाऱ्याला अश्वत्थाम्याची आठवण करून द्यावी. अस्त्र सोडता येणे आणि ते आवरता येणे या दोन निराळ्या विद्या असून त्याला पहिलीच अवगत होती.

नियम बदलण्यासाठी परदेशातील प्रकाशकाकडे अर्ज करण्याची आवश्यकता नाही, कारण या खेळात प्रत्येक बैठकीला आपले नियम ठरवण्याची मुखत्यारी प्रारंभापासूनच आहे. म्हणून माझी सूचना अशी की, बल्लारपुरात, चंद्रपुरात, गडचिरोलीत जेथे कोठे ही बैठक भरत असेल, तेथे मांत्रिकाच्या कागदावर विशेष विद्येच्या खाली दोन वर्ज्य विद्यांसाठी जागा आखावी आणि प्रत्येकीपुढे वर्ज्य असण्याचे कारण एका वाक्यात नोंदवावे. पहिल्या तीन बैठकांपर्यंत नवख्याला ही नोंद बदलण्याची सवलत असावी, त्यानंतर नसावी. वर्ज्य विद्येतील एखादा मंत्र पुढे खरोखरच हवा झाला, तर तो फक्त सोबतीच्या पात्राकडून, आपला एक मंत्र त्याला देऊन, मिळवता यावा. आणि सोबत्याला तो मंत्र त्या वेळी नको असेल, तर ऋतुपर्णाप्रमाणे त्याने तो देणाऱ्यापाशीच ठेव म्हणून राहू द्यावा आणि सूत्रधाराने त्या ठेवीची नोंद दोघांच्याही कागदांवर करावी.